विद्यार्थी व्हिसा, मामांचे हॉटेल आणि लग्नाची घाई

प्रिय वाचक,

आपल्याशी लग्न ठरवलेली मुलगी चीनच्या फूच्यान प्रांतातून एफ-१ व्हिसावर न्यूयॉर्कला शिकायला आली, वडिलांच्या औषधपाण्यासाठी पैसे पाठवता यावेत म्हणून फ्लशिंगला मामांच्या हॉटेलात रात्री काम करते, आणि आता वडिलांना भेटून यावे असे तिच्या मनात आहे. तेव्हा लगेच लग्न केले तर सारे सुरळीत होईल का, असे आपण विचारले आहे. तिची ओढाताण मला कळते, तरीही आधी हॉटेलातले काम थांबले पाहिजे.

एफ-१ वर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. मामा पगाराऐवजी खोली आणि जेवण देत असतील, तर तोही मोबदलाच धरला जातो, त्यामुळे ‘घरचेच काम आहे’ हा बचाव टिकणे कठीण. अनपेक्षित आर्थिक संकटात, एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर, कॉलेजमार्फत बाहेरच्या कामाची परवानगी मागण्याची सोय आहे. परंतु विनापरवाना काम आधीच झालेले असल्याने कॉलेजच्या अधिकाऱ्याशी बोलण्यापूर्वी तिने इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावे, कारण अधिकाऱ्यापाशी केलेले बोलणे गोपनीय राहीलच असे नाही.

‘माझे कागद पक्के आहेत’ एवढेच आपण लिहिता, आणि सारे घोडे तिथेच अडते. आपण अमेरिकेचे नागरिक असाल, तर रीतसर प्रवेश करून आलेल्या पत्नीचा ग्रीन कार्डचा अर्ज केवळ विनापरवाना कामामुळे अडत नाही. आपल्याकडे फक्त ग्रीन कार्ड असेल, तर ही सवलत नाही. तेच काम तिच्या अर्जाच्या आड येते आणि घाईचे लग्न काहीच सोडवत नाही.

वडिलांच्या भेटीबद्दल लिहिताना मला वाईट वाटते. ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झाल्यावर प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता ती देशाबाहेर गेली, तर अर्ज सोडून दिला असे मानतात; अर्जाआधी गेली, तर परतताना शिकण्यापुरतीच येत आहे असे तिला सांगावे लागेल, जे लग्न ठरलेले असताना खरे ठरणार नाही. खोटे तिने मुळीच सांगू नये.

शेवटी, कामावर घेताना तिच्याकडून आय-९ फॉर्म (अमेरिकेत काम करण्याचा हक्क आहे हे नोंदवणारा मालकाकडचा फॉर्म) भरून घेतला होता का, हे आजच विचारा. त्यावर ‘नागरिक’ या चौकटीत खूण केली असेल, तर तो अमेरिकेची नागरिक असल्याचा खोटा दावा ठरतो, आणि ती अडचण नागरिकाशी लग्न करूनही सुटत नाही. म्हणून तो फॉर्म वकिलाने पाहीपर्यंत कोणताही अर्ज भरू नका.