एवढेसे खाते, तरी वजन का वाढते?

पाळी थांबण्याच्या आगेमागे असलेल्या स्त्रिया आहारसल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकींचे गाऱ्हाणे एकच असते. खाणे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे, उपवास वाढले आहेत आणि वजनाचा काटा मात्र वरच चालला आहे. घरातली माणसे थट्टेने म्हणतात की कुठेतरी चोरून खात असणार, आणि हळूहळू त्या बाईलाही स्वतःचाच संशय येऊ लागतो. या प्रश्नाचे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधारे देत आहे. संबंधित बाईंची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. येथे त्यांना नुसते ‘ताई’ म्हणते.

ताईंचे वय ५३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत त्या लिपिक आहेत, म्हणजे सकाळी साडेदहापासून सायंकाळपर्यंत बैठे काम. घरी यजमान, सासूबाई, मुलगा आणि सून. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि चार वर्षांत सात किलो वजन वाढले होते, तेही जवळजवळ सगळे पोटावर. थायरॉइडची गोळी चालू होती, गुडघे दुखत होते, पहाटे तीन वाजता घामाने जाग येत होती. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “मॅडम, मला डाएट चार्ट द्या, पण त्यात पोळी नको. पोळी मी सोडायची ठरवलीच आहे.”

मी चार्ट दिला नाही. आठवडाभर एका वहीत सगळे टिपून आणायला सांगितले. ताटातले तर लिहायचेच, पण स्वयंपाक करताना उभ्याउभ्या तोंडात टाकलेले, औषधे आणि चहासुद्धा वेळेसकट लिहायचे. पतसंस्थेत वर्षानुवर्षे रोजकीर्द लिहिलेल्या बाईंनी ती वही इतकी चोख भरून आणली की निम्मे निदान तिथेच झाले.

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर फक्त चहातून. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा कोबीची भाजी. सायंकाळी घरी आल्यावर मूठभर चिवडा. रात्री सगळ्यांचे आटोपल्यावर त्या जेवत, आणि वहीत त्या जेवणापुढे बहुतेक दिवशी ‘उरलेले’ एवढाच शब्द होता. खोदून विचारल्यावर कळले, की आमटीतली डाळ तोवर संपलेली असते, तळाशी राहिलेल्या पाण्यात त्या पोळी बुडवतात आणि भात वाया जाऊ नये म्हणून तो पातेल्यातच कालवून खातात. दही सासूबाईंना आणि मुलाला लागते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

मी त्यांच्यासमोरच प्रथिनांचा हिशेब मांडला. चार पोळ्यांमधून साधारण बारा ग्रॅम, चहातल्या दुधातून पाच-सहा, भात, चिवडा आणि आमटीचे पाणी मिळून आणखी आठ-दहा. सगळे धरून जेमतेम तीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या प्रमाण धरलेल्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम.

उपवासाच्या दिवसांचे चित्र आणखी बोलके होते. सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरून महिन्यातले सहा-सात दिवस त्या “काहीच खात नाही” असे सांगत. वहीत मात्र सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि रात्री पुन्हा थोडी खिचडी होती. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिने नावालाही नाहीत. खिचडीत जे काही पोषण असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे, आणि ताई तोच ‘पित्त होते’ म्हणून कमी घालत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वय वाढते तसे स्नायूंचे प्रमाण घटत जाते. रजोनिवृत्तीत, म्हणजे पाळी कायमची थांबते तेव्हा, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी झाले की हाडांची झीज पहिली काही वर्षे वेगाने होते आणि पूर्वी नितंबांवर व मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ च्या सुमारास धरले जाते, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीला ही झीज काही वर्षे आधीच सुरू होते. अशा वयात प्रथिने कमी, हालचाल कमी आणि वर उपवास, असे झाले की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चून टाकते. स्नायू घटले की बसल्याजागी होणारा ऊर्जेचा खर्चही घटतो, आणि मग पूर्वी पुरत असलेले जेवण जास्त होऊ लागते. ताई कमी खात होत्या हे अगदी खरे होते. फक्त जे कमी झाले होते ते डाळ, दूध, उसळ आणि दही होते, साखर आणि पिष्ट आपापल्या जागी शाबूत होते.

वहीतल्या औषधांच्या रकान्याने मला अधिक अस्वस्थ केले. सकाळी सहाला चहाच्या पहिल्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी आणि लगेच कॅल्शियमची, ‘दिवसभरात विसरायला नको म्हणून’. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवते. या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे, आणि थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन चहा अर्ध्या-एक तासाने घ्यायला हवा. ताईंचा टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) दीड वर्ष चढाच होता आणि मात्रा दोनदा वाढवली गेली होती. औषधाच्या मात्रेत हात घालणे हे माझे काम नाही. मी वेळांचा तक्ता लिहून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले. डॉक्टरांनी मात्रा तशीच ठेवून वेळा बदलल्या आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा टीएसएच मर्यादेत आला होता. त्याच वेळी केलेल्या इतर तपासण्यांत बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी निघाले, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ५.९ टक्के आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ड जीवनसत्त्वासाठी साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दिली गेली. ही पुडी ठरलेली मुदत संपल्यावरही दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेत राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आहारात आम्ही काही काढून टाकण्याऐवजी घालायला सुरुवात केली. पोळी राहिली. चहा दोनवर आला, साखर अर्धी झाली. सकाळी मुगाचे धिरडे किंवा नाचणीचे आंबील, डब्यात भाजीबरोबर मटकी किंवा मसुराची उसळ, सायंकाळी चिवड्याऐवजी भाजलेले चणे, रात्री घट्ट वरण आणि वाटीभर दही. रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन कप दूध-दह्यातून साडेचारशेच्या पुढे, नाचणीच्या एका भाकरीतून दीडशेच्या वर आणि मोठा चमचाभर तिळाच्या चटणीतून शंभरच्या आसपास मिळते, आणि राहिलेल्याची भर पालेभाजी, कडधान्ये व गोळी मिळून घालतात. उपवास सोडायला मी सांगितले नाही. श्रद्धेच्या गोष्टीत आहारतज्ज्ञाने पडू नये असे माझे मत आहे. आणि आपल्या उपवासाच्या फराळात राजगिरा, वरई, शेंगदाण्याची आमटी, दूध, ताक अशी उत्तम सामग्री असताना पडण्याची गरजही नसते.

खरी अडचण स्वयंपाकघरात आली. “सगळ्यांच्या आधी ताट वाढून बसणं बरं दिसत नाही हो, मॅडम,” असे ताई म्हणाल्या, आणि सासूबाईंचे मत होते की रात्री उसळ वातूळ असते. दुसऱ्या भेटीला मी सुनेलाही बोलावले. तिने वाद न घालता तोडगा काढला: वरण शिजून फोडणी बसली की पहिल्यांदा एक वाटी भरून झाकून फळीवर ठेवायची, मग बाकीचे वाढायला घ्यायचे. ताई जेवत अजूनही शेवटीच, पण डाळ त्यांच्यासाठी शिल्लक असे. उसळ दुपारच्या डब्यात गेली आणि सासूबाईंचा आक्षेपही मिटला.

व्यायामाचे घोडे मात्र अडलेलेच होते. चालायला जाते म्हणत आणि जात नसत. कारण दर वेळी गुडघे. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारले की कार्यालयात दिवसभरात पाणी किती पिता. उत्तर आले, “फार नाही. घरी आल्यावर पिते.” मग थोडे थांबून त्यांनी सांगितले, की खोकताना, शिंकताना आणि भराभर चालताना लघवीचे थेंब जातात, म्हणून पाणी बंद, गडद रंगाच्या साड्या आणि सकाळचे फिरणेही बंद. यजमानांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही सांगितले नव्हते. हा त्रास या वयात अतिशय सर्रास आढळतो आणि उपचारांनी बराच आटोक्यात येतो, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर फिजिओथेरपिस्टने त्यांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला: रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा आकुंचने, निदान तीन महिने. अशा स्त्रीला ‘रोज पाऊण तास भरभर चाला’ असे कागदावर लिहून देणे किती निरर्थक असते, हे वेगळे सांगायला नको.

त्याबरोबर ताकदीचे साधे व्यायाम सुरू केले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सुचवते, पण आपल्याकडे बायकांच्या व्यायामाचा विचार चालण्यापाशीच थांबतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे. पहिल्या दिवशी खुर्चीवरून उठताना आठव्या वेळेला त्यांनी हात टेकला. दोन महिन्यांत त्या पंधरापर्यंत गेल्या आणि गुडघ्यांची कुरबुर कमी झाली.

तीन महिन्यांनी वजन जेमतेम एक किलो उतरले होते आणि ताई रुसल्या. शेजारच्या बाईंनी जेवणाऐवजी कसलीशी पावडर पिऊन महिन्यात सहा किलो कमी केले होते. मी फक्त टेप काढून कंबर मोजली. ती चार सेंटिमीटरने घटली होती. शेजारणीसारख्या इतक्या झपाट्याने उतरवलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि जेवण पूर्ववत झाले की चरबी परत येते, स्नायू तितक्या सहजी येत नाहीत. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे, पण पावडर आणली नाही.

ताईंसाठी जे चालले ते सगळ्यांना लागू नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत. पाळी बारा महिने बंद राहिल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला, तर ‘परत आली असेल’ असे म्हणत न बसता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. घाम आणि झोपमोड फार असेल, तर संप्रेरक उपचाराचा निर्णयही त्यांनीच तपासून घ्यायचा असतो. ताईंना सायंकाळचा चहा बंद केल्यावर आणि झोपण्याची खोली थंड ठेवल्यावर पुरेसा आराम पडला.

आता वर्ष होत आले आहे. एचबीएवनसी ५.६ आहे. डेक्सा तपासणीत हाडांची घनता थोडी कमी निघाली, औषधाची गरज अजून पडलेली नाही आणि पुढची तपासणी डॉक्टरांनी दोन वर्षांनी सांगितली आहे. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर चालू आहे, पाण्याची बाटली टेबलावर असते. वजन ६५ वर थांबले आहे, आणि त्याबद्दल ताईंची माझ्याकडे अजूनही तक्रार आहे.