तेराव्या वर्षीच्या चित्रांवरील तारखा

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण झाला असून सध्या इंटरमिजिएटची तयारी करीत आहे. पिकासोने तेराव्या वर्षी कलाशाळेची महिनाभराची प्रवेशपरीक्षा एका दिवसात पूर्ण केली, असे त्याच्या वाचनात आले आणि तेव्हापासून स्वतःच्या जुन्या चित्रवह्या त्याला टाकाऊ वाटू लागल्या आहेत. त्या रद्दीत द्याव्यात असा त्याचा हट्ट आहे. ही हकिकत खरी आहे का, आणि आम्ही त्या वह्या ठेवाव्यात का?
— एक पालक, मिरज

उत्तर : हकिकत प्रसिद्ध आहे, परंतु पिकासोच्याच कागदांसमोर ती टिकत नाही. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने बार्सिलोनाच्या कलाशाळेत वरच्या वर्गासाठी परीक्षा दिली, तेव्हा त्याला चौदावे वर्ष पूर्ण व्हायला महिना बाकी होता. त्या परीक्षेतील, शाळेचा शिक्का असलेली दोन रेखाटने आज उपलब्ध असून एकावर २५ सप्टेंबर आणि दुसऱ्यावर ३० सप्टेंबर अशी तारीख आहे. म्हणजे काम एका दिवसात आटोपलेले नव्हते. त्या वयात आपल्याहून मोठ्या मुलांच्या वर्गात प्रवेश मिळवणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तिला दंतकथेचे शेपूट जोडण्याची गरज नव्हती.

आपल्या मुलाने वाचलेल्या गोष्टीतून त्याआधीची तीन वर्षे गळलेली दिसतात. पिकासोचे वडील होसे रुइझ ब्लास्को स्वतः चित्रकार आणि चित्रकला-शिक्षक होते. त्यांची बदली स्पेनच्या वायव्य टोकावरील आ कोरुन्या या बंदराच्या गावी झाली आणि १८९२ मध्ये, अकरा वर्षांचा होत असताना, मुलाचे नाव तिथल्या कलाशाळेत दाखल झाले. पहिल्या वर्षी नक्षीकामाचे रेखाटन, पुढे प्लॅस्टरच्या हातापायांवरून आणि धडांवरून छायाभेदाचा सराव, असा तो अभ्यासक्रम होता. आपल्या मुलाला वस्तुचित्राच्या पेपरासाठी घागर आणि पेटी पुन्हा पुन्हा काढण्याचा जसा कंटाळा येत असेल, तसाच तो त्यालाही येत असावा, असे आपले माझे अनुमान. कारण याच काळात शाळेच्या पुस्तकांचे समास कबुतरांनी आणि माणसांच्या चेहऱ्यांनी भरलेले दिसतात, आणि नातेवाइकांसाठी त्याने हाताने लिहून काढलेल्या चिमुकल्या वर्तमानपत्रांत आ कोरुन्याच्या वाऱ्यापावसाची यथेच्छ थट्टा आहे. कसलेला अभ्यास आणि मनाची चित्रे त्याने शेजारी-शेजारी चालू ठेवली. एकासाठी दुसऱ्याचा बळी दिला नाही.

१८९५ मधलेच ‘अनवाणी मुलगी’ हे तैलचित्र आपण मुलासह छायाचित्रात अवश्य पाहावे. गरीब घरातील मुलगी खुर्चीवर बसलेली आहे. तिचे पाय राठ आणि नको तितके मोठे दिसतात, आणि तिची नजर पाहणाऱ्याला सहज सोडत नाही. दोन वर्षांनंतरचे ‘विज्ञान आणि करुणा’ हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद आहे. आजारी स्त्रीची नाडी पाहणारा डॉक्टर आणि मुलाला कडेवर घेतलेली ख्रिस्ती जोगीण (नन) हा त्याचा विषय; डॉक्टरसाठी वडीलच बसले होते. माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला उल्लेखनीय म्हणून मान मिळाला आणि मालागाला सुवर्णपदक. पंधरा वर्षांच्या मुलाचे कसब त्यात निःसंशय आहे. पण विषय, मांडणी, एवढेच काय भावनासुद्धा वडीलधाऱ्यांच्या पसंतीची वाटते. मला स्वतःला ती अनवाणी मुलगी कितीतरी जवळची वाटते, आणि पिकासोनेही ते चित्र अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवले होते.

आता वह्यांविषयी. पिकासोच्या घरच्यांनी बार्सिलोनात हे कागद जपले नसते, तर यांतले बरेचसे आज आपल्यापुढे नसते. १९७० मध्ये त्याने ते तिथल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयाला दिले. त्यांत रेखाटने, चित्रे आणि वह्या मिळून नऊशेहून अधिक कामे होती, आणि फसलेले, अर्धवट सोडलेले कागदही त्यांत होते. आपला मुलगा पिकासो व्हावा म्हणून नव्हे, तर त्याचा हात कुठून कुठे आला हे त्याला स्वतःला दिसावे म्हणून वह्या ठेवाव्यात. परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवून देणारी चित्रे आणि त्याने कुणी न सांगता काढलेली चित्रे वेगळी करू नयेत. ती वेळेच्या क्रमाने एकत्रच लावावीत.

प्रत्येक कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख लिहावी, बॉलपेनने नको. नक्की आठवत नसेल तर ‘सहावीची दिवाळी सुट्टी’ एवढेही पुरेसे आहे. कोळशाच्या आणि खडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घालावा. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा उलटवता येत नाही. कागद सपाट ठेवावेत, ओल येणाऱ्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, आणि पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत पसरून बुरशी धरलेली नाही ना, हे पाहावे. तारखा लिहिण्याचे काम मात्र मुलाकडूनच करून घ्यावे. त्या निमित्ताने प्रत्येक चित्र त्याच्या हाताखालून एकदा जाईल, आणि त्यानंतरही तो एखादी वही नको म्हणाला, तर ती त्याच्या नकळत आपण आपल्या कपाटात ठेवावी.