पहिला खुलासा लिहायला बसशील तेव्हा

अगं, कंपनीचं एक्सवरचं (पूर्वीचं ट्विटर) हँडल आता तुझ्या हातात आलंय, म्हणून आधीच सांगते. कंपनीच्या एखाद्या चुकीवरून बोंबाबोंब सुरू झाली की सगळ्यात आधी शेड्यूल केलेल्या जाहिराती थांबव. लोक संतापलेले असताना 'वीकेंड ऑफर' झळकली की संपलंच.

मग शब्द. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोत युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरपटत बाहेर काढलं. त्याचा रक्ताळलेला चेहरा जगाने व्हिडिओत पाहिला. दुसऱ्या दिवशी सीईओ ऑस्कर म्युनोझ यांनी माफी मागितली, ती प्रवाशांची 'पर्यायी सोय करावी लागली' म्हणून! आगीत तेलच ओतलं गेलं. ११ तारखेला खरी माफी आली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिला शब्द.

लीगलवाले मसुदा गुळगुळीत करून देतील. तो मोठ्याने वाच. ज्याला त्रास झालाय त्याच्या तोंडावर हे म्हणवेल का? नाही म्हणवलं तर भांड, अगदी साहेबांशीसुद्धा. पूर्ण माहिती नसेल तर काय कळलंय, काय तपासतोय आणि पुढचं किती वाजता सांगू, एवढंच लिही. ती वेळ मात्र पाळ, नवीन काही हाती नसलं तरी.

आणि रागाच्या कमेंट डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट आधीच निघालेले असतात.