कारखान्यात बगॅस ओलाच जाळतात, मग गुऱ्हाळावर चिपाड वाळवावं का लागतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत: साखर कारखाना मिलमधून आलेला ओला बगॅस (ऊस पिळून उरलेला चोथा, म्हणजे चिपाडच) सरळ बॉयलरला घालतो, तर गुऱ्हाळवाले चिपाड उन्हात पसरून का वाळवतात? आणि अशा जळणावर वीज करणं खरंच परवडतं का? मी कारखान्यात बॉयलरवर काम करतो आणि मामांचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे दोन्हीकडचा जाळ मला जवळून माहीत आहे.

सगळा खेळ पाण्याचा आहे. शेवटच्या मिलमधून पडणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 किलोकॅलरी लागतात, आणि ती वाफ धुराड्यातून निघून जाते. म्हणून किलोभर ओल्या बगॅसमधून हाती 1800 किलोकॅलरीच्या आसपासच येतात, चांगल्या वाळलेल्यातून 3500 च्या पुढे. यावरून लोक म्हणतात, वाळवलं की उष्णता दुप्पट. तसं नाही, कारण वाळल्यावर वजनही निम्म्याच्या जवळ येतं. तेवढ्याच उसाच्या चिपाडाचा हिशोब मांडला तर वाढ दहा-पंधरा टक्क्यांचीच निघते. खरा फरक पडतो तो जाळाच्या तेजीत.

गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, हवा आपली आपण ओढली जाते, तीही गार. चिपाड लांब, जाड, त्यात रसही बराच राहिलेला. ते ओलं घातलं तर नुसतं धुमसतं. आणि रस काहिलीत (आटवायच्या मोठ्या कढईत) असताना जाळ पडून चालत नाही. उकळी रेंगाळली की गूळ काळपट होतो, सैल राहतो, गुळव्याने कितीही जीव ओतला तरी. म्हणून वाळवण.

बॉयलरची गोष्ट वेगळी. तिथे ऊस आधी बारीक फाडलेला असतो, त्यामुळे बगॅस भुशासारखा. तो हवेच्या झोताने भट्टीत फेकला जातो, खालून दोनशे अंशांच्या आसपास तापवलेली हवा येते. बराचसा बगॅस जाळीवर पडायच्या आतच, उडता उडता वाळतो आणि पेटतो. तरीही ओलावा 50 वरून 53 टक्क्यांवर गेला की लगेच कळतं: भट्टीतला जाळ पिवळट, आळशी होतो, प्रेशर उतरायला लागतं. मग आम्ही मिलवाल्यांना फोन करतो, इंबिबिशनचं (पिळताना चिपाडावर मारायचं) पाणी जरा कमी करा. त्यांना ते पाणी हवं असतं, कारण त्यानेच चिपाडातली उरलेली साखर निघते. ही ओढाताण सबंध गाळप हंगामात चालते, आणि दोघांचंही बरोबर असतं.

आता विजेचं. नुसती वीज करण्यासाठी लाकूड किंवा इतर जैवभार जाळणं मला मनापासून पटत नाही. अशा छोट्या केंद्रांत जळणातल्या उष्णतेचा पाऊण भाग किंवा जास्तच धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरवरून वाया जातो. झाडं तोडून हे करणं तर नकोच. कारखान्यात गणित जमतं, कारण दर चौरस सेंटीमीटरला 87 किलो प्रेशरची, पाचशे अंशांच्या वरची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि प्रेशर उतरल्यावर तीच वाफ रस आटवायला जाते. एक टन उसातून 280 ते 300 किलो बगॅस मिळतो. नव्या पद्धतीच्या को-जनमध्ये (एकाच जळणावर वाफ आणि वीज दोन्ही करणाऱ्या केंद्रात) त्यावर साखरही होते आणि शंभरच्या पुढे युनिट वीजही. त्यातून कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकता येते. जुन्या कमी प्रेशरच्या बॉयलरवर स्वतःपुरतं जेमतेम भागायचं. हंगाम संपला की मात्र वाफेला गिऱ्हाईक राहत नाही, आणि नुसत्या विजेसाठी साठवलेला बगॅस जाळताना फायदा बराच आटतो.

तुमचं स्वतःचं गुऱ्हाळ असेल तर चिपाड वाळवणं सोडू नका. त्याच्या जोडीला चुलवाणातून धुराड्याकडे जाणाऱ्या गरम हवेवर दुसरी काहील बसवा आणि पुढच्या आदणाचा (पुढच्या खेपेला आटवायचा) रस तिच्यात आधी तापवून घ्या. चिपाड शिल्लक पडेल. आणि ओल्या चिपाडाचा ढीग लावून ठेवू नका. आतून तापतो, बुरशी धरतो, आणि तो उपसताना उडणारी धूळ फुप्फुसांना फार वाईट. उपसणाऱ्या माणसांना तोंडाला चांगला मास्क द्याच.