ज्युरीचे गैरवर्तन आणि अपील: आधी २८ दिवसांचा हिशेब करा

तुमच्या भावाने अमेरिकेतील फेडरल न्यायालयात लावलेला अपघात-भरपाईचा दावा ज्युरीच्या कौलाने फेटाळला गेला. नंतर एका ज्युररने आपणहून कळवले की, दुसऱ्या एकाने अपघाताच्या चौकाची माहिती घरी इंटरनेटवर शोधून चर्चेत मांडली, आणि ज्युरीप्रमुख म्हणाला की त्याच्या भाच्यावरही असाच दावा झाला होता, जे त्याने निवडीच्या वेळी सांगितले नव्हते. हे थेट अपिलात मांडता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

अपिलांच्या कागदपत्रांवर काही वर्षे काम केल्यावर मी एवढे निश्चित सांगेन, की या मुद्द्याची लढाई खालच्या न्यायालयातच होते. अपील न्यायालय नवा पुरावा घेत नाही. खालच्या न्यायाधीशाने आपल्या विवेकाधिकाराचा गैरवापर केला का, एवढेच ते तपासते. म्हणून नव्याने खटला चालवण्याचा अर्ज न्यायनिर्णयाची नोंद झाल्यापासून २८ दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत न्यायाधीशालाही वाढवता येत नाही. खटला चालू असतानाच ही गोष्ट कळली होती आणि तरी कौल येईपर्यंत गप्प बसलात, असे दिसले तर हक्क सोडला असे धरले जाण्याचा धोका मोठा आहे.

आता पुरावा. फेडरल पुरावा नियम ६०६(ब) प्रमाणे, कौलाच्या वैधतेवर प्रश्न आला की चर्चेत कोण काय बोलले किंवा कोणाचे मन कशाने वळले याबद्दल ज्युररची साक्ष किंवा शपथपत्र चालत नाही. मात्र बाहेरची अपायकारक माहिती ज्युरीपुढे आली असेल, बाहेरून दबाव आला असेल किंवा कौलाच्या नमुन्यावर लिहिताना चूक झाली असेल, तर चालते. त्यामुळे इंटरनेटवर काय शोधले आणि कोणाला सांगितले एवढेच शपथपत्रात लिहावे. ‘त्यामुळे माझे मत बदलले’ हे वाक्य घालू नये, कारण ते वगळले जाईल आणि वाचणाऱ्याच्या मनात उगाच शंका येईल.

भाच्याचा मुद्दा मात्र मला दुबळा वाटतो. दक्षिण डाकोटातील वॉर्गर विरुद्ध शॉअर्स या दिवाणी खटल्यात ज्युरीप्रमुखाने मुलीच्या अपघाताबद्दल चर्चेत काढलेले उद्गार दुसऱ्या ज्युररने उघड केले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले, की निवडीच्या वेळच्या खोटेपणाचा आरोपही अशा साक्षीने सिद्ध करता येत नाही. भाच्यावरच्या दाव्याची न्यायालयीन नोंद स्वतंत्रपणे मिळाली तर गोष्ट वेगळी. तेव्हाही १९८४ च्या मॅकडोनो निकालाची कसोटी राहतेच: ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले नाही, आणि खरे उत्तर दिले असते तर कारण दाखवून त्याला वगळता आले असते, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. गैरसमजातून दिलेले चुकीचे उत्तर तेवढ्याने पुरत नाही. (आपल्याला ज्युरी म्हटले की १९५९ चा नानावटी खटला आठवतो, तिथे ८ विरुद्ध १ असा कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले होते. तो प्रश्न विपर्यस्त कौलाचा होता, गैरवर्तनाचा नव्हे.)

आणखी कोणत्याही ज्युररला स्वतः फोन करू नका. अनेक जिल्हा न्यायालयांत त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागते. अर्ज मुदतीत दिला असेल तर अपिलाचे ३० दिवस त्यावरच्या आदेशापासून मोजले जातात, पण अपिलाची नोटीस आधीच दिली असल्यास अर्ज नामंजूर झाल्यावर ती दुरुस्त करून त्या आदेशाचाही उल्लेख करावा लागतो, आणि नेमके हेच करायचे राहून गेलेले मी पाहिले आहे.