‘रोज किती तास मोबाइल चालेल?’ : आठवीतल्या एका मुलाची केस

स्क्रीनबद्दल समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा तासांचाच असतो. या घरातही तसंच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा आठवीत, आई नोकरीला, वडिलांची शिफ्ट ड्यूटी, घरात आजोबा. सहामाहीत गुण घसरलेले, सकाळी उठवताना रोजचं भांडण, फोन काढून घेतला की दार आपटणं. आई म्हणाली, “एक आकडा सांगा, तेवढाच वेळ देईन.” आजोबांचा सूर वेगळा: “याचा बापही रामायण लागलं की टीव्हीपुढून हलत नसे. तो कुठे बिघडला?”

आजोबांचा प्रश्न जास्त कामाचा होता. 1987 मध्ये रविवारी सकाळी मालिकेचा भाग संपला की पुढचा आठवड्याने. टीव्ही एक, बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर. नव्वदच्या दशकात केबल आली, 1995 पासून कार्टूनचं वेगळं चॅनेल भारतात दिसू लागलं, तरी रिमोट एकच होता आणि त्यावरून भावंडांत भांडणं होती. सप्टेंबर 2016 नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि पडदा ज्याच्या त्याच्या हातात आला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळेसाठीच फोन द्यावा लागला. त्याच वर्षी जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबवर शॉर्ट्स सुरू झाले. म्हणजे टिकटॉकसारखे छोटे व्हिडिओ आता फोनमध्ये आधीपासून असलेल्याच अ‍ॅपमध्ये शिरले. तास वाढले हे खरंच, पण त्याहून मोठा बदल असा की बघण्याला पूर्वी ठरलेला शेवट आणि ठरलेली जागा होती. आता दोन्ही नाहीत.

लहान मुलांसाठी आकडे आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार 2 वर्षांच्या आत स्क्रीन नको, 2 ते 5 वयात जास्तीत जास्त 1 तास, 5 ते 10 वयात 2 तासांच्या आत. त्यापुढच्या वयात मात्र झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांतलं काय मागे पडतंय, ते आधी पाहावं लागतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही बंद न करता नुसती नोंद ठेवली. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं की कोणत्या अ‍ॅपवर किती मिनिटं गेली ते दिसतं. मुलानेच ते रोज वहीत लिहायचं, आईने फोन तपासायचा नाही, एवढंच ठरलं. रोजची सरासरी निघाली पाच तासांच्या आसपास. आईचा राग ज्या गेमवर होता त्याला त्यातला तासभर जात होता, तोही मित्रांसोबत. सगळ्यात मोठा तुकडा रात्री साडेदहा ते पाऊण, पांघरुणात, रील्स आणि शॉर्ट्सचा होता. उठायचं सहाला. म्हणजे झोप जेमतेम सव्वापाच तास. या वयात 8 ते 10 तास लागते. वर्गात लक्ष का लागत नव्हतं, हे त्या वहीतच दिसत होतं.

मग करार लिहिला. साडेनऊला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आईवडिलांचेसुद्धा. ‘अलार्मसाठी फोन हवा’ ही सबब उरू नये म्हणून साधं गजराचं घड्याळ आणलं. यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसून बंद केली, त्यामुळे होम पानावर शिफारशी येणं थांबतं आणि हवं ते शोधून बघावं लागतं. ऑटोप्ले बंद. इन्स्टाग्राम फोनवरून काढून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर.

गेमचा नियम मात्र घड्याळावर ठेवला नाही. चौघांची मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते. मध्येच फोन ओढला की तीन मित्र तोंडघशी पडतात, भांडण तिथूनच पेटत होतं. ‘आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही’ एवढं वाक्य लिहिलं आणि तो वाद मिटला.

अडचणी अपेक्षित ठिकाणीच आल्या. सवय मोडताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड कमी होण्याऐवजी वाढते. त्या रात्री वडिलांना दया आली आणि त्यांनी फोन दिला. असं एकदा झालं तरी किती ताणलं की मिळतं, हे मुलाला कळतं, म्हणून दोघांनी एकच उत्तर द्यायचं असं पुन्हा ठरलं. शाळेच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला ‘उद्या चार्ट आणणे’ असा निरोप यायचा; वर्गशिक्षिकांशी बोलल्यावर निरोप आठच्या आत येऊ लागले. ‘फक्त मलाच का?’ हा मुलाचा प्रश्न रास्त होता. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातचा भोंगा झाला की गावभर दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची पद्धत पडली, तिचं बळ सगळ्यांनी एकदम थांबण्यातच आहे. इथे दोन मित्रांच्या घरीही साडेनऊचीच वेळ ठरली.

एवढ्याने भागत नाही अशीही मुलं असतात. शाळा बुडायला लागली, फोन घेतल्यावर मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, किंवा मित्र, जेवण, आंघोळ सगळंच सुटत चाललं, तर करार लिहीत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

हा मुलगा चौथ्या आठवड्यात साडेदहाला झोपू लागला. रोजची सरासरी साडेतीन तासांवर आली. आईला ती अजून जास्त वाटते. पण उरलेल्या वेळात मित्रांसोबतचा गेम आहे आणि क्रिकेटचे व्हिडिओ आहेत, आणि झोप सव्वापाचवरून साडेसात तासांवर गेली आहे, म्हणून त्याला तूर्त हात लावलेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत करार नव्याने लिहायचा आहे: फोन ठेवायची वेळ साडेदहा, जागा स्वयंपाकघरच.