हवं ते मिळालं, मग आनंद का होत नाही?

"मॅडम, ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते मिळालं आणि आता काहीच वाटत नाहीये, माझंच काही बिघडलंय का?" मनातलं बोलायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाचं प्रमोशन असतं, कुणाचं घर, कुणाचं लग्न, पण वाक्य तेच, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

बाई चाळिशीच्या. नोकरी, संसार सांभाळत नऊ वर्षं पीएचडी केली. पदवी मिळाली आणि झोप उडाली, सगळ्यांवर चिडचिड, आणि सर्टिफिकेटचा लिफाफा तीन महिने उघडलाच नव्हता, बॅगेत घेऊन फिरायच्या. पहिल्या भेटीत तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटायच्या आणि लगेच अंगठ्याने पुन्हा दाबून बसवायच्या. तासभर हेच. मी काही बोलले नाही, नुसतं बघून ठेवलं.

पाच-सहा भेटी गाइड, नवरा आणि ऑफिसमध्येच गेल्या. मग आईचा विषय निघाला. आई हुशार, पण या पोटात असताना तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. हे सांगता सांगता म्हणाल्या, "आता कुठे माझी शिक्षा पूर्ण झाली."

"काय पूर्ण झालं?"

"शिक्षण हो. शिक्षण म्हणायचं होतं मला."

"हो, पण तोंडात काय आलं?"

बराच वेळ गप्प. मग एकदम रडू फुटलं. "माझ्यामुळे तिचं राहिलं. मी कुठल्या तोंडाने पेढे वाटू?"

'तुमचा काय दोष त्यात' असं म्हणून मी तेव्हा समजूत काढली नाही, थांबले, आणि ते थांबणं जमलं याचं मला आजही बरं वाटतं. कारण दोष नाही हे त्यांना ठाऊकच होतं. अबोध मनाला, म्हणजे मनाचा जो भाग आपल्यालाच कळत नाही त्याला, ते ठाऊक नव्हतं, आणि ते असंच बोलतं, चुकलेल्या शब्दातून, विसरण्यातून, न उघडलेल्या लिफाफ्यातून. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९०१ मध्ये अशा रोजच्या चुकांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि १९१६ मध्ये इच्छा पूर्ण झाली की नेमकी तेव्हाच आजारी पडणाऱ्या माणसांबद्दलही लिहिलं. त्याचं स्वतःचंही झालं होतं. १९०४ मध्ये अथेन्सला अॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, उभा असताना, हे खरंच आहे म्हणायचं, असं काहीतरी विचित्र वाटून गेलं. त्याचा उलगडा त्याने १९३६ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँना लिहिलेल्या पत्रात केला, की वडिलांच्या पुढे निघून गेल्याची ती टोचणी होती.

असं कुणाचं होत असेल तर आधी स्वतःला कृतघ्न म्हणणं बंद करा. आनंदाच्या क्षणी कुणाचा चेहरा डोळ्यासमोर येतो ते बघा, कुठलं काम विनाकारण पुढे ढकलताय ते बघा, आणि जमलं तर ते कुणाशी तरी मोठ्याने बोला, कारण मनातल्या मनात आपण वाक्य नीटनेटकं करून टाकतो आणि नेमका कामाचा शब्द निसटतो. मात्र झोप-भूक उडणं, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांवर गेलं तर डॉक्टरांना दाखवा, तिथे नुसता विचार करत बसू नका.

त्या बाईंनी पुढे आईला विचारलंच, तुला काय शिकायचं होतं गं? आई म्हणाली, "मला कुठे शिकायचं होतं? मला स्वतःचे पैसे कमवायचे होते." नऊ वर्षं आईचं म्हणून जे स्वप्न पूर्ण केलं ते आईचं नव्हतंच! फ्रेंच मनोविश्लेषक लकाँ म्हणायचा की माणसाची इच्छा ही दुसऱ्याची इच्छा असते. मला यात कायम एवढंच जोडावंसं वाटतं की ती दुसऱ्याची इच्छासुद्धा बहुतेकदा आपण अंदाजानेच ठरवलेली असते.

पुढच्या भेटीला लिफाफा उघडलेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग मॅडम, मला काय हवं होतं?" सध्या आम्ही त्याच्यावर बोलतोय.